पहिल्यांदाच काँक्रिटचा कोबा करताय? खालच्या मुरुमापासून ते ट्रॅक्टर आत घेईपर्यंत

घर बांधताना, गोठा करताना किंवा शेतात शेड उभं करताना लोक सगळ्यात जास्त चौकशी सिमेंटच्या ब्रँडची करतात आणि सगळ्यात कमी चौकशी त्या सिमेंटच्या खाली काय जाणार आहे याची. आमच्याकडे बार्शीच्या बाजूला, काळ्या रानात, आम्ही अवजारांच्या शेडमध्ये पहिला कोबा केला तो दोन वर्षांत मधोमध बसला. फोडायला घेतला तर ब्रेकर लावून माणूस घामाघूम, तुकडे एकदम कडक निघत होते, आणि वरचा तुकडा उचलल्यावर खाली एवढी पोकळी की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. म्हणजे काँक्रिट चांगलंच होतं, खालची जमीन त्याला सोडून गेली होती. ज्यानं काम घेतलं त्यानं पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी मातीच भरावात ढकलली होती, आणि आम्हाला तेव्हा बघायचं काय हेच माहीत नव्हतं. म्हणून हे सगळं लिहितोय, पहिल्यांदा काम काढणाऱ्यासाठी, जरा सविस्तर.

आधी ताकद म्हणजे काय ते

काँक्रिट दाबाला जबरदस्त आहे आणि ताणाला कच्चं. एम 20 काँक्रिट म्हणतात ना, त्यातला 20 म्हणजे 28 दिवसांनी एका चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसायची ताकद, आपल्या भाषेत चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलो. लॅबमध्ये जो 150 मिलिमीटरचा म्हणजे सहा इंची ठोकळा दाबून बघतात तो फुटायला साधारण 45 टन लागतात! पण तेच काँक्रिट ओढलं किंवा वाकवलं तर त्याची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते. जमिनीवरचा कोबा जोवर खालून सगळीकडे टेकलेला आहे तोवर त्याच्यावर मुख्यतः दाबच येतो आणि तो मजेत राहतो, खालून आधार गेला की तो वाकायला लागतो आणि वाकला की तडकतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबला खाली जमीन नसतेच, तो कायम वाकतच असतो, म्हणून त्यात सळई घालावी लागते कारण ताण सळई घेते. हा फरक डोक्यात बसला की पुढचं अर्धं काम आपोआप समजतं.

कुठं वापरायचं आणि किती जाडी

घरात वर टाइल्स किंवा शहाबादी बसवायची असेल तर खाली तीन-चार इंच पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रिट पुरतं. उघडा कोबाच वापरायचा असेल, म्हणजे स्वयंपाकघरामागची मोरी, पडवी, पिठाची गिरणी, छोटं वर्कशॉप, तर चार इंच करा. कार उभी राहणार असेल तर चार ते पाच, आणि ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट आत येणार असेल तर सहा इंच आणि सळईची जाळी. खळ्यासाठी कोबा तर मी म्हणेन शेतकऱ्यानं केलाच पाहिजे, तूर सोयाबीन हळद वाळवायला एकदम स्वच्छ, माल मातीत जात नाही, खडे येत नाहीत, आणि हंगाम नसताना तीच जागा लग्नाच्या पंगतीला पण होते. गोठ्यात कोबा करताना मात्र गुळगुळीत घोटू नका, जनावर घसरून पडलं तर मोडतं, तिथं ओल्या काँक्रिटवर खराट्यानं रेघा ओढायच्या किंवा पट्टी दाबून खाचे पाडायचे.

पायरी 1: खालची माती

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तुम्ही रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा बघितल्याच असतील, त्या भेगा तुमच्या कोब्याखाली पण पडणार आहेत. म्हणून निदान दीड-दोन फूट काळी माती उचलून बाहेर टाका आणि तिथं मुरूम भरा. माती फार खोल असेल तर सगळी काढणं जमणार नाही, पण मग जोत्याच्या आत पाणी मुरणार नाही याची काळजी दुप्पट घ्या, पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत पडू देऊ नका. कोकणात जांभ्यावर हा त्रास नसतो, पण तिथं दुसरी चूक होते, जांभ्याचे तुकडे खडी म्हणून काँक्रिटात घालतात, ते कच्चे असतात आणि पाणी पितात, भरावात चालतील पण काँक्रिटात काळ्या दगडाचीच खडी हवी.

मुरूम एकदम ट्रॉली ओतून पसरायचा नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, आणि मग धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर. धुम्मस मारताना आवाज ऐका, सुरुवातीला भद्द भद्द येतो आणि थर बसला की आवाज टणक होतो, धुम्मस हातात उडायला लागतो. टाच दाबून बघा, खळगा पडला तर अजून बसलेला नाही. भिंतीच्या कडेचा आणि कोपऱ्यातला भराव सगळ्यात कच्चा राहतो कारण मशीन तिथं पोचत नाही, तिथं हातानंच ठोकून घ्यावं लागतं आणि तिथंच माणसं कंटाळा करतात. शक्य असेल तर भराव घालून एक पावसाळा जाऊ द्या, जुनी माणसं जोतं भरून वर्षभर ठेवायची ते उगाच नाही.

वाळवीचं औषध मारायचं असेल तर ते पण आत्ताच, काँक्रिट झाल्यावर त्याला जागा नाही.

पायरी 2: सोलिंग आणि कागद

मुरुमावर सहा ते नऊ इंचांचे दगड हातानं रचायचे, उभे, एकमेकाला घट्ट, रुंद बाजू खाली, आणि मधल्या फटीत दगडाच्या छिलपट्या ठोकून वरून मुरूम किंवा कच घालून पाणी मारून पुन्हा ठोकायचं. ट्रॉलीतून ओतलेले दगड म्हणजे सोलिंग नाही. त्याच्यावर ओल येऊ नये म्हणून जाड पॉलिथिनचा कागद अंथरा, जोडावर निदान सहा इंच एकावर एक. घरात जिथं धान्याची पोती किंवा गाद्या जमिनीवर राहणार तिथं हा कागद सोडू नका, खर्च फार थोडा आहे. दगडाची टोकं कागद फाडतात म्हणून आधी कचेचा पातळ थर द्यायचा.

लेव्हल नळीनं भिंतीवर सगळीकडे खूण मारून घ्या आणि उतार याच टप्प्यावर ठरवा, वरून कोबा जाड-पातळ करून उतार काढला की पातळ बाजू आधी फुटते. पार्किंगला आणि खळ्याला 100 ला 1 म्हणजे दहा फुटांत साधारण सव्वा इंच, गोठ्याला जास्त लागतो, 40 ला 1 म्हणजे दहा फुटांत तीन इंच, नाहीतर गोमूत्र साचतं.

पायरी 3: माल

10 बाय 10 फुटाच्या खोलीत चार इंच कोबा म्हणजे साधारण 33 घनफूट, एक तृतीयांश ब्रास. त्याला एक-दोन-चार प्रमाणानं (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) म्हणजे एम 15 च्या हिशेबानं सुमारे सहा पोती सिमेंट लागतं आणि एक-दीड-तीन म्हणजे एम 20 केलं तर साडेसात-आठ. टाइल्सखाली एक-दोन-चार चालतं, उघडा कोबा आणि गाडीसाठी एम 20 करा.

प्रमाण घमेल्यानं मोजतात पण घमेली सारखी नसतात, कुणी शिगोशिग भरतो कुणी अर्धं. एक पोतं सिमेंट म्हणजे साधारण 35 लिटर, तेवढ्या मापाची पेटी मिळते किंवा फळ्यांची करून घ्या आणि तिच्यानंच वाळू-खडी मोजा. दमट वाळू फुगते, कोरडीपेक्षा वीस-तीस टक्क्यांपर्यंत जास्त जागा घेते, म्हणून दमट वाळूची पेटी भरली तरी आत वाळू कमीच आलेली असते, तिथं थोडी जास्त घ्यावी लागते. क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू असेल तर मुठीत दाबून बघा, हाताला पिठासारखी पावडर फार चिकटत असेल तर ती नको, पाणी जास्त मागते.

पायरी 4: पाणी, आणि इथं मी जरा थांबणार आहे

सगळ्या कामात सगळ्यात जास्त नुकसान याच एका बादलीनं होतं. आयएस 456 या काँक्रिटच्या भारतीय मानकात ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या एम 20 ला एका पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी सांगितलंय, एम 15 ला 32. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, संपलं, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी पण त्यातच धरायचं. आता एवढ्या पाण्यात माल घट्ट येतो, फावड्यानं ओढायला जड जातो, आणि दुपारी अकराच्या उन्हात मिक्सरवरचा माणूस म्हणतो दादा माल पळत नाही, जरा पाणी सोडतो. त्याचं पण चुकत नाही, ओढायचं त्यालाच आहे. पण 30 चे 40 लिटर झाले की ताकदीचा तिसरा हिस्सा तरी गेला, म्हणजे पैसे एम 20 चे आणि जमीन एम 15 च्या पण खालची.

कारण साधं आहे. सिमेंटला जुळून यायला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जिथून उडालं तिथं बारीक भोकं राहतात. जास्त सिमेंट घालून हे भरून काढायला गेलात तर कोबा जास्त आक्रसतो आणि भेगा वाढतात. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर घाला, दुकानात लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, कॅनवर पोत्यामागे किती मिली ते लिहिलेलं असतं, तेवढंच. आणि मिक्सरजवळ बादल्या मोजणारा एक घरचा माणूस बसवा, भांडायला नाही, नुसता मोजायला. आमच्या दुसऱ्या कोब्याला माझी आई खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक पोत्याला पाटीवर खडूनं दोन रेघा मारत होती, त्या दिवशी एकही तिसरी बादली गेली नाही.

बघायची खूण: फावड्यावर घेतलेला माल ढिगासारखा राहिला पाहिजे, हळूहळू बसला पाहिजे, आमटीसारखा वाहिला तर परत पाठवा. एकदा पाणी घातलं की अर्ध्या-पाऊण तासात माल जागेवर जायला हवा, चहा पिऊन आल्यावर घट्ट झालेल्या मालात परत पाणी घालून फिरवायचं नाही, तो माल गेला असं समजायचं.

पायरी 5: टाकणं

मोठी जागा एका दमात टाकू नका. दहा बाय दहा फुटांचे चौकोन पाडा आणि एक सोडून एक टाका, बुद्धिबळाच्या पटासारखे, मधले नंतर. काँक्रिट आक्रसणार हे नक्की आहे, तुम्ही जोड दिला तर ते जोडात सरळ रेषेत तडकतं, नाही दिला तर स्वतःच्या मनानं वेडंवाकडं. जोड मशीननं कापायचा असेल तर जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढं खोल, आणि साधारण दुसऱ्याच दिवशी, आठवड्यानं कापायला आलात तर भेग तुमच्या आधी येऊन गेलेली असते. खांबाभोवती आणि भिंतीलगत अर्धा इंच थर्मोकोलची पट्टी लावा, खांब वेगळा बसतो आणि कोबा वेगळा, चिकटवून टाकला की खांबाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

जाळी घालताय तर ती वरच्या तिसऱ्या भागात राहिली पाहिजे. मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, जाळी कागदावर अंथरतात, वरून माल ओततात, आणि एक माणूस आकड्यानं जरा वर ओढल्यासारखं करतो, तो पुढं सरकला की त्याच्याच पायाखाली ती परत तळाला जाते. खाली पडलेली जाळी वरची भेग धरू शकत नाही. काँक्रिटचेच छोटे ठोकळे करून त्यावर जाळी ठेवा.

माल पसरल्यावर व्हायब्रेटर किंवा निदान जड पट्टीनं ठोकत ठोकत पुढं जा, कडेला सळईनं खोचा. मग पट्टी ओढून लेव्हल.

पायरी 6: घोटाई

लेव्हल झाल्यावर वर पाण्याची चकाकी येते. ती असताना घोटायचं नाही, थांबायचं, अंगठा दाबला तर ठसा उमटेल पण पाणी येणार नाही तेव्हा लाकडी रंध्यानं आणि त्यानंतर लोखंडी गुरमाळ्यानं. लवकर उरकायचं म्हणून त्या पाण्यावर कोरं सिमेंट भुरभुरतात, तो दिवसभर आरशासारखा दिसतो आणि सहा महिन्यांनी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात, झाडू मारला की रोज पांढरी धूळ निघते, वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटते. गुळगुळीत आणि न झिजणारी जमीन हवीच असेल तर फ्लोअर हार्डनर मिळतो तो वापरा, तो पण पाणी बसल्यावरच.

मोठ्या गोडाऊनला किंवा पार्किंगला ट्रिमिक्स करतात, ट्रेमिक्स ही मुळात स्वीडनची कंपनी आणि तिचं नाव आपल्याकडे त्या पद्धतीलाच पडलं. त्यात माल जरा सैल टाकून वर मॅट अंथरतात आणि पंपानं जास्तीचं पाणी ओढून घेतात, मग फिरत्या मशीननं घोटतात. काम चांगलं होतं, पण एका छोट्या खोलीसाठी मशीन आणणं परवडत नाही.

एप्रिल-मेमध्ये काम काढलंत तर पहाटे सुरू करा किंवा चारनंतर, दुपारच्या वाऱ्यात दोन-तीन तासांतच वरून भेगा पडतात. घोटून झालं की लगेच प्लॅस्टिक किंवा ओलं गोणपाट.

पायरी 7: पाणी मारणं

मिसळताना जे पाणी कमी ठेवलं ते आता भरपूर द्यायचं, आणि यात कंजुषी नको. दुसऱ्या दिवसापासून मातीची आळी करून दोन इंच पाणी साठवा किंवा गोणपाट सतत ओलं ठेवा, सकाळी एकदा पाईप फिरवून जाणं म्हणजे पाणी मारणं नाही, मधल्या उन्हात तो वाळतो आणि वाळला की ताकद वाढायची थांबते. ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला कमीत कमी दहा, आजकाल दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं म्हणून दहाच धरा. सात दिवसांनी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, पूर्ण हिशेब 28 दिवसांचा.

वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर

हे काम इंजिनिअरच्या ड्रॉइंगशिवाय करू नका, हे मी मनापासून सांगतोय. आमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचा जड थर, तो झोपेतल्या माणसांवर आला. त्यानंतर गावोगाव स्लॅब आले आणि ते बरोबरच आहे, स्लॅब सगळ्या भिंतींना एकत्र बांधून धरतो. पण पाच इंची स्लॅब पण चौरस मीटरला 300 किलोच्या वरच असतो, तो खांब-बीमवर नीट बसला नाही तर तोही तेवढाच जड.

मालक म्हणून तुम्ही तीन गोष्टी बघा. एक, सळईखाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आहेत का, नसतील तर सळई फळीला टेकते आणि काही वर्षांत गंजून खालून काँक्रिटचे पोपडे पाडते. दोन, खोलीच्या मधल्या भागात मुख्य सळई खालच्या बाजूला पण बाल्कनीत आणि छज्ज्यात ती वरच्या बाजूला असते, कारण तिथं ताण वर येतो, आणि माल टाकताना घमेलं घेऊन चालणारी माणसं नेमकी तीच सळई पायानं खाली दाबतात. चालायला फळ्या टाका आणि बाल्कनीच्या सळईवर नजर ठेवा, इथं चूक झाली तर सेंट्रिंग काढल्यावर बाल्कनी खाली येते, माणसं मरतात. तीन, टेकू कधी काढायचे, गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवस, त्याहून मोठा असेल तर 14, हा ओपीसीचा हिशेब आहे, पीपीसीला आणि थंडीत त्यापेक्षा जास्त थांबा. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साईटवर न्यायच्या असतात, त्याची घाई तुमची नाही.

आणि घराचा स्लॅब गोडाऊन समजू नका. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला 200 किलो भार धरून डिझाइन होतं. सोयाबीनचं 50 किलोचं पोतं अर्धा चौरस मीटर जागा घेतं, आठ थरांची थप्पी मारली की चौरस मीटरला 800 किलो झाले, चौपट. माल साठवायचाच असेल तर आधी इंजिनिअरला सांगा, तो जाडी आणि सळई त्या हिशेबानं देईल, नाहीतर पोती तळमजल्याच्या कोब्यावरच. हजार लिटरची टाकी पण भरल्यावर एक टन असते, ती गच्चीच्या मधोमध न ठेवता बीमवर, शक्यतो खांबाजवळ.

वापरायला कधी घ्यायचं

कोब्यावर दुसऱ्या दिवशी माणूस चालतो, मोटारसायकल आठवड्यानं चालेल. कार आत घेण्याआधी दोन आठवडे जाऊ द्या, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला 28 दिवस बाहेरच ठेवा. त्याआधी एक नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन सगळा कोबा ठोकत फिरा, चांगल्या ठिकाणी टण् वाजतं आणि पोकळ ठिकाणी आवाज डबडब येतो, तिथं खडूनं गोल करून ठेवा. खिळ्यानं ओरखडा काढा, पांढरी रेघ उमटून थांबली तर ठीक, पावडर निघत राहिली तर वरचा थर कच्चा आहे. पोकळ जागा हातभर असेल तर तेवढाच चौकोन कापून, खालचा मुरूम परत ठोकून, जुन्या कडा खरवडून ओल्या करून आणि सिमेंटची स्लरी लावून नवा माल भरा, आणि त्या तुकड्याला पण दहा दिवस पाणी.

आमच्या शेडचा दुसरा कोबा आम्ही असा केला तेव्हा तीन ठिकाणी डबडब वाजलं होतं, तिन्ही भिंतीच्या कडेला, जिथं मशीन पोचलं नव्हतं तिथंच. ते तिन्ही चौकोन फोडून पुन्हा केले, त्यात दोन दिवस गेले आणि वर अजून दहा दिवस ट्रॅक्टर बाहेर लिंबाखाली उभा राहिला.